‘कोनी हाय का खाली?’
खाणीच्या पोटातून वर येणाऱ्या निरोपांच्या सोळा गोष्टी

अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर... वऱ्हाडात विहीर खोदताना पाहिलेल्या माणसाला हे चित्र सांगावं लागत नाही. खाली दोघंतिघं काळ्या पाषाणाशी झुंजत असतात आणि वर काठावर एक जण दोरापाशी बसलेला असतो. तो खोदत नाही, ओझं उचलत नाही, पण जागचा हलतही नाही. खालून हाक आली, ‘वढ रे!’, की टोपली वर. यंत्राच्या घरघरीत हाक बुडाली, तर दोराला झटका. हाक हे पहिलं साधन, झटका हे दुसरं.

जमिनीखाली शंभर-दोनशे मीटरवर काम करणाऱ्या खाणकामगारांची सारी सुरक्षितता याच हिशेबावर उभी आहे. फोन बंद पडला तर काय? तार तुटली तर काय? वीज गेली, धूर भरला, वाटच बुजली, तर ‘आम्ही जिवंत आहोत’ हे वर कसं कळवायचं? या प्रश्नाला माणसानं दीडशेहून अधिक वर्षांत दिलेली उत्तरं थक्क करणारी आहेत.

१. अकोल्याच्या मातीखाली खाण का नाही?

कारण आपल्या पायाखाली लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला तो काळा बेसाल्ट अमरावती-अकोल्याच्या कापसाला काळी माती देऊन गेला. दगडी कोळसा त्याहून कितीतरी जुन्या, गोंडवना काळाच्या खडकांत असतो. वऱ्हाडच्या पूर्व टोकाला हे लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि तिथं कोळसा हाताला लागतो. म्हणून वऱ्हाडचा कोळसा यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला. इंग्रजांच्या काळात १९०५ पर्यंत त्या जिल्ह्याचं नावच वणी होतं. राजूर, कुंभारखणी, भांदेवाडा ही तिथल्या भूमिगत खाणींची नावं. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूरच्या खाणी. तिथं वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. आज या पट्ट्यातला बहुतेक कोळसा वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी, काढते आणि तिचं मुख्यालय नागपुरात आहे.

२. मोबाईल खाली मुका का होतो?

मेळघाटातल्या माणसाला ‘नेटवर्क नाही’ म्हणजे काय, ते वेगळं शिकवायला नको. मतदानाच्या दिवशी तिथल्या कित्येक केंद्रांचा निरोप वायरलेस संचावरून किंवा पायी निघालेल्या माणसाकडून येतो. पण मेळघाटात अडचण दूर असलेल्या टॉवरची. खाणीत अडचण खुद्द दगडाची.

रेडिओलहर जितकी जलद थरथरते, तितकी ती ओल्या खडकात लवकर जिरते. मोबाईलची लहर सेकंदाला जवळपास ९० कोटी वेळा किंवा त्याहूनही जास्त थरथरते. काही मीटर दगड लागला की ती संपली. त्यात कोळशाच्या थरांबरोबर चिकणमाती आणि पाणी आलंच. खाणीचा बोगदा सरळ असेल तर लहर काही अंतर त्यातून धावते, पण पहिल्याच वळणावर तिचा दम तुटतो. म्हणून वर अगदी सोपी असलेली गोष्ट, म्हणजे बोलणं, खाली सर्वांत अवघड होऊन बसते.

३. एक ठोका म्हणजे थांब

उभ्या विहिरीसारख्या शाफ्टमधून पिंजरा वर-खाली जातो. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मॉईल कंपनीच्या गुमगाव, चिखला अशा मँगनीज खाणींत हे शाफ्ट आहेत. पिंजरा चालवणारा वाइंडर माणसांना पाहू शकत नाही. तो फक्त घंटेचे ठोके मोजतो. पिंजरा चालू असताना एक ठोका आला की थांबायचं. तीन ठोके म्हणजे आता पिंजऱ्यात माणसं आहेत, माल नाही, जपून. ठोके ऐकून वाइंडर तेच ठोके परत वाजवतो. म्हणजे निरोप पोचला, बरोबर पोचला, एवढं दोन्ही टोकांना कळतं.

उताराच्या इन्क्लाइन खाणीत हॉलेजच्या, म्हणजे कोळशाचे डबे ओढण्याच्या, वाटेनं दोन तारा लावलेल्या असतात. कुठंही उभं राहून त्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या की वर घंटी वाजते. ना नंबर फिरवायचा, ना फोनपर्यंत धावायचं. शेकडो मीटरची अख्खी वाट म्हणजे एक लांबच लांब बटण.

४. घंटी वाजली आणि खाण पेटली?

या दोन तारांनी जगाला एक भयंकर धडा दिला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगेनिथ खाणीत स्फोट झाला. ४३९ कामगार गेले, आणि बचावाला उतरलेला एक जणही. ब्रिटनच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी खाणदुर्घटना. ठिणगी नक्की कशानं पडली ते सिद्ध झालं नाही, पण संशयाच्या यादीत एक नाव वरचं होतं: इशाऱ्याच्या घंटीच्या उघड्या तारा.

म्हणजे जीव वाचवण्यासाठी लावलेली तारच जीव घेऊ शकते. मग शास्त्रज्ञ कामाला लागले आणि ठिणगी पडली तरी मिथेन वायू पेटणार नाही, इतकीच वीज तारेत वाहू देण्याची पद्धत त्यांनी काढली. आज कोळसाखाणीतला फोन, घंटी, वायरलेस, कॅप लॅम्प, सगळं याच तत्त्वावर बनतं. खिशातला मोबाईल खाली न्यायला बंदी का असते, त्याचं उत्तर या कहाणीत आहे.

५. दुसरी वाट हवीच

१६ जानेवारी १८६२. इंग्लंडमधल्या हार्टली खाणीला शाफ्ट एकच होता. त्याच्यावरच्या पंपाचा अजस्र लोखंडी दांडा मोडला आणि शाफ्टमध्येच कोसळला. वाट बुजली. हवा जाण्याची वाट तीच, माणसं येण्याची तीच, निरोपाचीही तीच. २०४ जण गेले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला की कोळसाखाणीला बाहेर पडायच्या दोन स्वतंत्र वाटा हव्यात. आपल्याकडच्या खाणकायद्यानंही हे तत्त्व उचललं आहे.

निरोपाच्या साधनांची सारी अक्कल या एका घटनेत आहे. दोन फोन लावले, पण दोन्हींच्या तारा एकाच वाटेनं नेल्या, तर ते दोन फोन नव्हेतच. छत कोसळलं की दोन्ही एकदम जातील. म्हणून एक तार या वाटेनं, दुसरी त्या वाटेनं. पहिल्या साधनाला ज्यामुळे इजा होईल त्यामुळे दुसऱ्याला होता कामा नये. तरच ते दुसरं साधन.

६. काडेपेटीचा फोन मोठा झाला

दोन रिकाम्या काडेपेट्या, मध्ये दोरा. लहानपणी हा फोन केला नाही असं घर वऱ्हाडात सापडायचं नाही. त्याला बॅटरी लागत नाही, कारण आवाज स्वतःच दोऱ्यातून जातो. याच कल्पनेचा मोठा भाऊ खाणींत आणि जहाजांत कामाला आला: आवाजावर चालणारा फोन. बोलणाऱ्याच्या आवाजानं पडदा थरथरतो, पडद्यामुळे लोहचुंबकाजवळची गुंडाळी हलते आणि तारेत इवलीशी वीज तयार होते. दुसऱ्या टोकाला तीच वीज पुन्हा आवाज होते. ना बॅटरी, ना चार्जर, ना वीजपुरवठा. तार शाबूत असेपर्यंत काही किलोमीटरवर माणसाचा आवाज पोचतो आणि वीज गेलेल्या खाणीत नेमकं हेच हवं असतं.

७. गळकी तार, उपयोगी तार

गळणारा नळ कोणालाच आवडत नाही. पण खाणीत मुद्दाम गळकी केलेली तार लावतात. टीव्हीच्या केबलसारखी जाड केबल असते, फक्त तिच्या बाहेरच्या जाळीला ठिकठिकाणी फटी ठेवलेल्या. रेडिओचा संदेश केबलमधून धावता धावता त्या फटींतून बाहेर झिरपतो आणि आसपासच्या वॉकीटॉकीला मिळतो. वॉकीटॉकीवर बोललेलंही फटींतून आत शिरतं. बोगदा कितीही वळो, केबल वळली की नेटवर्क वळलं. खाणींप्रमाणेच जगभरच्या रेल्वे बोगद्यांतही ही तार आहे.

तिची कमजोरी उघड आहे. मध्येच तुटली की पुढचा सगळा भाग मुका. म्हणून चांगल्या खाणीत ही तार गोल फिरवून दुसऱ्या टोकानंही जोडतात. इकडून तुटली तर तिकडून बोलणं चालू.

८. मधमाशीच्या नाचावरून नाव

मधमाशीला फुलांचा ताटवा सापडला की ती पोळ्यावर येऊन वाकडी-तिकडी नाचते आणि बाकीच्यांना पत्ता सांगते. त्या नाचावरून एका बिनतारी यंत्रणेला नाव पडलं, झिगबी. लहान लहान रेडिओपेट्या बोगद्यात अंतरा-अंतरावर ठेवायच्या. एक पेटी दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. मधली एखादी पेटी दगडाखाली गेली, तर निरोप बाजूच्या पेटीकडून वळसा घालून पुढं जातो. बैलगाड्यांच्या रांगेत एक गाडी रुतली की मागची बाजूनं निघते, तसं.

धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेनं, म्हणजे सिम्फरनं, याच तंत्रावर खाणकामगार कुठं आहे ते सांगणारी यंत्रणा विकसित केली आहे. या संस्थेचं काम नागपुरातूनही चालतं. कामगाराच्या अंगावरची चिप जवळच्या पेटीला ‘मी इथं आहे’ असं कळवत राहते. दुर्घटनेनंतर बचाव पथकाचा पहिला प्रश्न ‘कोण कुठं होतं?’ हाच असतो, आणि त्याचं उत्तर आधीच वर पोचलेलं असतं.

९. दगडातून आरपार

मोबाईलची लहर दगडात जिरते, पण सेकंदाला काही शे ते काही हजार वेळाच थरथरणारी संथ लहर शेकडो मीटर खडक पार करते. त्यासाठी जमिनीवर तारेचा भलामोठा वेढा घालावा लागतो आणि गप्पा मारण्याइतकं काही त्यातून जात नाही. दोन-चार शब्द मात्र जातात.

ऑस्ट्रेलियात याच तत्त्वावर ‘पेड’ नावाचं साधन निघालं. कामगाराच्या टोपीवरचा दिवा लुकलुकतो आणि कमरेच्या बॅटरीवर अक्षरं उमटतात. तार नको, टॉवर नको. १९९८ साली अमेरिकेतल्या युटाह राज्यात विलो क्रीक खाणीला आग लागली तेव्हा या दिव्यांनी इशारा दिला आणि आतले सगळे सुखरूप बाहेर पडले.

सगळ्यांना एकदम इशारा देण्याचा हा वेग किती मोलाचा, ते विदर्भाला ठाऊक आहे. १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सिल्लेवाडा खाणीत पाणी घुसलं आणि १० कामगार गेले. अवघ्या ३९ दिवसांनी, २७ डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाण्यानं ३७५ जणांचा बळी घेतला. पाणी धावतं तेव्हा निरोप पाण्याच्या पुढं धावला पाहिजे. एकेका कामाच्या जागी माणूस पाठवून सांगायला वेळ उरत नाही.

१०. निरोप नाकानं वाचायचा

स्वयंपाकघरात सिलिंडर गळला की जो उग्र वास येतो तो गॅसचा नसतो. गॅसला स्वतःला वास नसतोच. त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा तो वास. जगभरच्या अनेक धातुखाणींत हेच रसायन धोक्याची घंटा म्हणून वापरतात. आग लागली की खाणीच्या हवेच्या पाइपमध्ये ते सोडतात. ड्रिल मशीनच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात भोंगा ऐकू येणार नाही, कोपऱ्यात फोन नसेल, पण श्वास तर प्रत्येक जण घेतो. सडक्या कोबीसारखा भपकारा आला की हातातलं काम टाकून बाहेरची वाट धरायची. खाणीला श्वास पुरवणारी हवाच इथं निरोप्या होते.

११. अंधारात बोलणारा दोर

धुरानं भरलेल्या बोगद्यात स्वतःचा हात दिसत नाही, दिशा कळत नाही. अशा वेळी भिंतीकडेनं बांधलेला दोर बोलतो. त्यात ठरावीक अंतरावर निमुळते शंकू ओवलेले असतात. बाहेरच्या दिशेनं चाललात तर हात शंकूवरून अलगद सरकतो. उलट आत चाललात तर हात शंकूच्या रुंद कडेला अडतो. हात अडला की मागं फिरायचं. इतकी साधी भाषा, तळहाताला कळणारी. अमेरिकेच्या कोळसाखाणींत असे दोर बंधनकारक आहेत.

बचाव पथकाची गोष्टही दोराचीच. तोंडात श्वासयंत्राची नळी असली की बोलता येत नाही, म्हणून भोंगा आणि हातखुणा. शिवाय स्वच्छ हवेच्या तळापासून पथकाबरोबर फोनची तार उलगडत नेतात. बोलायला ती तार आणि परतायला तीच वाट. विदर्भातल्या खाणींसाठी असं प्रशिक्षित पथक नागपूरच्या वेकोलिच्या माइन रेस्क्यू स्टेशनमध्ये सज्ज असतं.

१२. दिवा परत आला का?

खाणीच्या तोंडाशी लॅम्प केबिन असते. पाळीला जाताना आपल्या नंबरचा दिवा घ्यायचा, परतताना जमा करायचा. सोबत नंबर कोरलेला बिल्ला. पाळी सुटली आणि एक खोबण रिकामी राहिली, तर त्याचा अर्थ एकच: त्या नंबरचा माणूस अजून वर आला नाही. संगणक नाही, वीज नाही, चिप नाही. भिंतीवरची एक रिकामी जागा सगळं सांगते. आज चिपची यंत्रणा असलेल्या खाणींतही हजेरीची ही जुनी शिस्त सोडलेली नाही आणि सोडूही नये.

१३. दहा ठोके, पंधरा मिनिटं

सगळं संपलं. फोन मेला, तार तुटली, दिवा विझत आला. मग? हातोडा. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या खाण विभागानं जमिनीची बारीक थरथर टिपणाऱ्या उपकरणांवर काम केलं आणि कामगारांसाठी एक छोटी संहिता ठरवली. ती टोपीवर चिकटवायच्या कागदावर मावेल एवढीच होती.

आडोसा करून बसा. वरून तीन सुरुंगांचे आवाज येण्याची वाट पाहा. आले की छतावर जोरात दहा ठोके मारा. मग पंधरा मिनिटं थांबा. पुन्हा दहा ठोके. वरून पाच सुरुंग ऐकू आले, तर समजा: तुमचा पत्ता लागला आहे, मदत निघाली आहे.

ही पंधरा मिनिटांची विश्रांती उगीच नाही. अडकलेल्या माणसाची ताकद आणि प्राणवायू दोन्ही मोजके असतात. शिवाय वरच्यांना ऐकायला शांतता हवी. ठोका मारणं जितकं महत्त्वाचं, तितकंच थांबणंही.

१४. नऊ ठोके आणि न ऐकलेले ठोके

जुलै २००२. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात क्वीक्रीक खाणीत शेजारच्या जुन्या, बंद खाणीचं पाणी फुटून आत शिरलं. नऊ जण अडकले. वरून अंदाजानं एक अरुंद भोक पाडलं आणि ड्रिलचा दांडा खाली पोचला. वरच्यांनी दांड्याला कान लावला. खालून ठोके आले. मोजले, तर नऊ! बुडत्या खाणीतल्या माणसांनी आपली हजेरी लोखंडावर वाजवून दिली होती. ७७ तासांनंतर नऊच्या नऊ जण वर आले.

जानेवारी २००६. वेस्ट व्हर्जिनियातली सागो खाण. स्फोटानंतर अडकलेल्यांनी छतातल्या खिळ्यांवर आळीपाळीनं घण घातले. ठोके बरोबर होते, पद्धत बरोबर होती. पण वर कोणी त्या ठोक्यांसाठी कान लावून बसलेलं नव्हतं. बारा जण गेले, एक जगला. त्याच वर्षी अमेरिकेनं नवा कायदा केला: प्रत्येक भूमिगत कोळसाखाणीत तीन वर्षांच्या आत दोन्ही बाजूंनी बोलता येणारी बिनतारी यंत्रणा आणि कामगारांचा ठावठिकाणा सांगणारी व्यवस्था हवी.

या दोन खाणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की डोळे उघडतात. हातोडा दोन्हीकडे होता. फरक वरच्या कानाचा होता.

१५. पाइप, जो फोन झाला

१९५८ साली कॅनडातल्या स्प्रिंगहिल खाणीत जमीन हादरून बोगदे मिटले. सहा दिवसांनी बचाव पथकाला एका तुटक्या हवेच्या पाइपातून माणसाचा आवाज ऐकू आला. बारा जण पलीकडे जिवंत होते! त्याच पाइपातून त्यांना पाणी आणि सूप दिलं, आणि मग वाट खोदली.

आपल्या देशात १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं. ६५ जण खाली अडकले. वरून पाडलेल्या भोकांतून त्यांना खाणं-पिणं पोचलं आणि मग अभियंता जसवंतसिंग गिल यांनी बनवून घेतलेली लोखंडी कुपी मोठ्या भोकातून खाली सोडली. गिल स्वतः तिच्यात बसून खाली उतरले. १६ नोव्हेंबरला ६५ च्या ६५ जण वर आले.

आणि २०२३ ची दिवाळी कोण विसरेल? लक्ष्मीपूजनाच्या पहाटे उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले. सुरुवातीला होता तो फक्त चार इंची पाइप. त्यातूनच हवा, त्यातूनच सुका खाऊ, त्यातूनच घरच्यांचा आवाज. २० नोव्हेंबरला सहा इंची पाइप पलीकडे पोचला, गरम जेवण गेलं आणि दुसऱ्या दिवशी छोट्या कॅमेऱ्यानं आतले चेहरे साऱ्या देशाला दाखवले. १७ व्या दिवशी सगळे बाहेर आले. मोठमोठी यंत्रं अडली, तेव्हा शेवटचे मीटर हातानं खोदणाऱ्या मजुरांनी पार केले.

१६. लाल शाईची चिठ्ठी

तंत्रज्ञानाच्या या लांबलचक रांगेच्या टोकाला काय आहे? कागद.

५ ऑगस्ट २०१० रोजी चिलीच्या सॅन होजे खाणीत ३३ जण अडकले. सतरा दिवस वर काहीच कळलं नाही. भोकांमागून भोकं पाडली जात होती, चुकत होती. २२ ऑगस्टला एक ड्रिल मोकळ्या जागेत घुसलं. खालच्यांनी त्यावर ठोके मारले, रंग फासला आणि चिठ्ठ्या बांधल्या. ड्रिल वर आलं, तेव्हा त्यावर लाल अक्षरांतला कागद होता: आम्ही ३३ जण आसऱ्याच्या जागेत सुखरूप आहोत. पुढं त्याच भोकांतून फोनची तार गेली, जेवण गेलं, कॅमेरा गेला. ६९ व्या दिवशी ते कुपीतून वर आले.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथं पोचले होते. गुहेत तार टिकत नव्हती, रेडिओ अडत होता. मुलांनी आई-वडिलांना चिठ्ठ्या लिहिल्या आणि पाणबुड्यांनी त्या पाण्याखालून बाहेर आणल्या. जगातली अद्ययावत यंत्रणा दाराशी उभी असताना घरापर्यंत पोचला तो हातानं लिहिलेला कागद.

आणि काठावरचा माणूस

आता शेवटची, सर्वांत कठीण गोष्ट. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्सच्या कुरिएर खाणीत स्फोट झाला. १,०९९ जण गेले. आत आता कोणी जिवंत नसेल असं वाटून काही दिवसांतच शोध आवरता घेतला गेला. आणि ३० मार्चला, तब्बल वीस दिवसांनी, अंधारात चाचपडत १३ जण आपल्या पायांनी चालत बाहेर आले. त्यांना कोणी शोधलं नव्हतं. त्यांनीच वर येऊन सांगितलं की आम्ही आहोत.

खाणीतला फोन, गळकी तार, लुकलुकणारा दिवा, शंकूंचा दोर, हातोडा, चिठ्ठी, या सगळ्यांत खालच्याचं बोलणं आहे. पण प्रत्येक साधनाला दुसरं टोक असतं आणि त्या टोकाला माणूस लागतो: ठोके मोजणारा वाइंडर, लॅम्प केबिनमध्ये रिकामी खोबण पाहून उठणारा कारकून, ड्रिलच्या दांड्याला कान लावणारा मजूर. खाणीत दुसरं साधन बसवायचं ठरतं तेव्हा यंत्राच्या किमतीचा हिशेब होतो. त्या यंत्रापाशी रात्रपाळीला कोण बसणार, तो किती वेळा सराव करणार, त्याच्या सुटीच्या दिवशी कोण ऐकणार, हा हिशेबही त्याच कागदावर मांडायला हवा. वणीत, चंद्रपुरात, सावनेरात पहाटेच्या पाळीला टोपीवर दिवा लावून उतरणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे.

वऱ्हाडातल्या विहिरीच्या काठावर दोरापाशी बसलेला तो माणूस हे सारं न शिकता जाणतो. दोर बराच वेळ हलला नाही की तो उगीच बसून राहत नाही. काठावरून वाकतो आणि आपणच हाक घालतो,

‘कोनी हाय का खाली?’

आणि खालून ‘हाव!’ आल्याशिवाय सरळ होत नाही.